तीन इरकली, सात खण आणि न झालेली चांदणी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक बाई माझ्याकडे बोचकं घेऊन आली. मूळची जत भागातली, आता पुण्यात असते. आई जाऊन वर्ष झालं होतं, वडील त्याच्या आधीच गेलेले, घर आवरताना जे निघालं ते एका जुन्या चादरीत बांधून थेट मिरजेला. "काकू, याची एक गोधडी करायचीये, डिझाइन मी ठरवलंय" म्हणाली आणि मोबाइल पुढे केला. फोटोत पांढऱ्या पार्श्वभूमीवर टोकदार चांदण्या, निळ्या पिवळ्या, एकदम सुंदर, त्याच्यात वादच नाही. मी पण बघून भुलले आणि हो म्हणलं, हीच पहिली चूक. आमच्याकडे वाकळ म्हणतात, ती गोधडी म्हणते, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी म्हणतात, नाव काहीही घ्या, पण जुन्या कपड्यांचं काम असेल तर बोचकं सोडून बघितल्याशिवाय डिझाइनला हो म्हणायचं नाही, हे मला वीस वर्षं शिवून पण त्या दिवशी आठवलं नाही.

बोचक्यात काय होतं ते आधी सांगते, कारण सगळं प्रकरण त्याच्यावरच आहे. तीन सुती इरकली नऊवारी, एक हिरवी, एक डाळिंबी, एक काळपट निळी, तिन्हीला लाल गोमी काठ आणि लाल पांढऱ्या टोपतेनीचा, म्हणजे विणलेल्या दातऱ्यांच्या पट्ट्यांचा, पदर. सात खण, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे असतात ना ते, सगळे ओटीत आलेले आणि त्यातले बरेचसे कधी शिवलेच नाहीत, दुकानाची घडी तशीच. वडिलांचे पाच हाफ शर्ट, फिकट रंगाचे, रेघांचे आणि चौकडीचे. दोन धोतरं, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. आणि एक मोठ्या फुलांची पाचवारी, सिंथेटिक, ती कशी आत आली तिलाच माहीत नव्हतं.

वाकळ करायची होती ५ फूट बाय साडेसात फूट, म्हणजे ६० बाय ९० इंच, एका माणसाला अंगाखाली पण चालेल आणि वरून पण.

मी पहिल्यांदा एकेक कपडा उजेडासमोर धरते. जिथं विरलंय तिथं उजेड लगेच दिसतो. मग दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकंसं ताणायचं, चर्र असा आवाज आला की तो भाग वरच्या थरातून बाद, आत भरायला चालतो. नऊवारी विरते ती ठरलेल्या जागी, काष्ट्याचा भाग आणि टाचेकडचा काठ. हिरवीचं अंग मधोमध गेलं होतं पण दोन्ही काठ ठणठणीत होते. डाळिंबीचा खालचा काठ गेलेला, वरचा चांगला. निळी सगळ्यात धड होती पण तिच्या पदरातलं रेशीम घडीवर फाटायला लागलेलं, रेशमाचं ते असतंच, वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की नेमकं त्या रेषेवर तुटतं. शर्टांपैकी दोन टेरिकॉटचे निघाले. शंका असेल तर शिवणीतला एक धागा काढून जाळून बघायचा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, टेरिकॉट असेल तर वितळून कडक गोळी होते. टेरिकॉट सुतीबरोबर वर लावत नाही मी, सुती धुतल्यावर बसतं, ते बसत नाही, मग चुण्या पडतात. फुलाची पाचवारी त्याच कारणानं परत दिली.

धोतरं आत भरायला, म्हणजे वरच्या थराला हातात राहिले फिकट रंगाचे फक्त तीन शर्ट, बाकी सगळं गडद. आणि चांदणीच्या डिझाइनला अर्धं अंग फिकट लागतं!

तरी मी एक ब्लॉक, म्हणजे एका चांदणीचा सुटा चौकोन, करून बघितला. शिवून बारा इंच व्हायला पाहिजे असा एकच, चार टोकांची दोन दोन त्रिकोण धरून आठ त्रिकोण, मध्ये चौकोन. पार्श्वभूमीला रेघांचा शर्ट, टोकांना हिरवी इरकल आणि मध्ये जांभळा खण. सकाळी दहाला बसले ते दुपारी अडीचला उठले आणि जे हातात आलं ते बघून माझी सून म्हणाली, "आई, हे चांदणी आहे की खेकडा?" एका बाजूनं बारा इंच, दुसऱ्या बाजूनं पाऊण इंच जास्त.

का झालं ते नीट सांगते, कारण हे कपड्याचं दुखणं आहे, हाताचं नाही (थोडं हाताचं पण असेल, मान्य). त्रिकोण कापला की त्याची एक बाजू तरी उरेबात, म्हणजे धाग्याला तिरकी, जाते. नवीन, कडक, खळीच्या कापडात ते निभतं, पण चाळीस वर्षं धुतलेलं सुती कापड उरेबात रबरासारखं ताणतं, इस्त्री फिरवली तरी वाढतं. दुसरं खणाचं. खणाचा धागा सुळसुळीत, पाव इंच मार्जिन ठेवलं तर शिवायच्या आधीच दशा सुटून निम्मं मार्जिन गायब. मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, चिकटवलं तर सुटत नाही, पण मग ते पुठ्ठ्यासारखं होतं आणि हाताच्या सुईला जाम त्रास, शिवाय अंगावर घ्यायची वस्तू कडक करून काय करायचंय. तिसरं शर्टाच्या रेघा. चार त्रिकोणांत रेघा चार दिशांना पळत होत्या, चांदणी दिसायच्या ऐवजी डोळा रेघांच्या मागं जायचा.

आणि चौथं, मला सगळ्यात जास्त खटकलेलं, काठ कुठं लावणार? आठ वारांच्या वर सलग विणलेला काठ, त्याचे अडीच अडीच इंचाचे त्रिकोण करायला माझी कातर चालेना.

हिशेब पण बघा. शिवून अडीच इंचाचा चौकोन पाहिजे तर कापायचा तीन इंचाचा, म्हणजे नऊ चौरस इंचातले सव्वासहाच वर दिसतात, तीस टक्क्यांहून जास्त कापड शिवणीत आत जातं. तेच सहा इंचाचा चौकोन घेतला तर साडेसहाचा कापायचा आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास जातं. दुकानातून ताग्यानं कापड घेणाराला याचं काही नाही, पण इथं तीन शर्ट संपले की संपले, ते वडील परत शर्ट घेणार नाहीत.

मग मी तिला फोन केला. चांदणी होणार नाही हे ऐकून ती जरा गप्पच झाली, नंतर म्हणाली, काकू मग साधे चौकोन करा, पण सगळं आलं पाहिजे, काही वगळू नका. चौकोन म्हणजे सोपं, ते तर कुणीही करतं. मी सहा सहा इंचाचे कागदाचे चौकोन कापले, कपड्यांवर ठेवून घडी घातली आणि फरशीवर नुसतंच मांडून बघितलं, काही न कापता. ही सवय लावून घ्या म्हणेन मी, घडी घालून मांडायचं, कातर शेवटी. मांडलं आणि मोबाइलवर फोटो काढून तो काळा पांढरा करून बघितला. ही युक्ती फार कामाची आहे. रंगात बघताना जांभळा खण आणि हिरवी इरकल एकमेकांपासून चार हात लांब वाटतात, काळ्या पांढऱ्यात दोन्ही एकाच करड्यात विरघळले, कुठला चौकोन कुठला कळेना, आणि फिकट शर्ट तेवढे इथं तिथं दात पडल्यासारखे. डिझाइन दिसतं ते रंगामुळं कमी आणि गडद फिकटामुळं जास्त, हे मी ऐकून होते पण त्या फोटोत डोळ्यांनी बघितलं. आणि काठ इथं पण सहा इंचाच्या तुकड्यांतच जाणार होता.

तो फोटो मी तिला पाठवलाच नाही.

त्या रात्री आमच्या सासूबाईंची जुनी वाकळ अंगावर होती. ती बघत पडले होते, म्हणजे रोजच बघते, पण त्या दिवशी टाका बघत होते. आमच्याकडे धावदोरा कसा घालतात, बाहेरच्या कडेनं सुरू करायचं आणि चौकोनी फेरे घालत घालत आत यायचं, शेवट मध्यावर. चारी बाजूंनी एकामागं एक फेरे, देवळाच्या प्रदक्षिणेसारखे. आणि काठाला नेमकं तेच पाहिजे होतं की, सलग पळायला जागा! तुकड्यांचं डिझाइन पण टाक्यासारखंच फेऱ्यांचं केलं तर काठ न तोडता चारी बाजूंनी फिरतो.

हे काही मी शोधलेलं नाही. बाहेरच्या देशात अशा पट्ट्यांच्या चौकटींना लॉग केबिन म्हणतात, मध्यात एक तुकडा आणि भोवती पट्ट्या चढवत जायच्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक छोटी वस्ती आहे, तिथल्या काळ्या बायकांनी शेतात घालायच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या अशाच चौकटी चौकटींच्या केल्या, ते त्याला हाउसटॉप म्हणतात. २००२ साली त्यांचं ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कला मोठं प्रदर्शन झालं, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं पण निघाली. मी त्यांचे फोटो बघितलेत, गुडघ्यावर झिजलेली जीन्स, तिचा खिसा काढलेल्या जागेचा गडद चौकोन तसाच ठेवलेला. जत आणि अलाबामा, कुठला कुठं संबंध, पण लांब पट्टी हातात आली की बाई तिची चौकट करते बहुतेक.

आता माप. ६० बाय ९० ही लांबट वाकळ, त्यामुळं मधला तुकडा चौकोनी घेतला तर फेरे बसत नाहीत, रुंदी आणि लांबीतला ३० इंचाचा फरक मध्यातच असायला पाहिजे. मी फेरा शिवून ३ इंचाचा धरला, एक फेरा चढला की दोन्ही बाजू मिळून ६ इंच वाढतात, आठ फेऱ्यांत ४८. म्हणजे मधला तुकडा १२ बाय ४२. हा आकडा कागदावर लिहिला आणि माझी मीच हसले, कारण १२ बाय ४२ चा लांब तुकडा बोचक्यात आयता होता, इरकलीचा पदर! पदर साडीच्या पन्ह्याएवढा रुंद असतोच, त्यातून ४२ इंच सहज मिळतात. डाळिंबीचा पदर सगळ्यात चांगला होता, तो मध्ये घेतला, मागून धोतराचा तुकडा लावून चारी बाजूंनी कच्चे टाके घातले, म्हणजे रेशमावर ताण येत नाही.

शेवटचा आठवा फेरा किती लांब? चारी बाजू मिळून २८८ इंच. आणि नऊवारीचा काठ नऊ वार म्हणजे ३२४ इंच. हिरवीचा एका बाजूचा काठ घेतला आणि एकाच काठात अख्खा बाहेरचा फेरा, वर एक वार शिल्लक. विणलेली किनार बाहेरच्या अंगाला ठेवली त्यामुळं वेगळा गोट पण लावावा लागला नाही. साडीच्या कडेचा काठ वाकळीच्या कडेला आला, जिथला तिथं.

बाकीचे फेरे ठरवताना तो काळा पांढरा फोटो डोळ्यासमोर ठेवला. गडदाला गडद लागून फार वेळ येऊ द्यायचं नाही, आणि फिकट थोडंच आहे तर ते कुठं खर्च करायचं ते आधी ठरवायचं. मध्यात पदर, पहिला फेरा खण, दुसरा शर्ट, तिसरा डाळिंबीचा काठ, चौथा परत खण, पाचवा परत शर्ट, सहावा निळीचं अंग, सातवा हिरवीचा दुसरा काठ, आठवा हिरवीचा पहिला. सहा सात आठ सलग गडद आहेत पण दोन काठांत बारीक पिवळी रेघ आहे ती वेगळं दाखवते, आणि कड गडद असलेली बरी, तिथंच हात लागतो, तिथंच मळते.

शर्टाचे दोन फेरे मिळून ३६० इंच लांबी. एका हाफ शर्टाची पाठ साधारण २२ बाय २६, साडेतीन इंचाच्या सहा पट्ट्या निघतात, तीन शर्टांच्या अठरा, जोडून साडेचारशेच्या वर इंच. म्हणजे नुसत्या पाठींत भागलं. पुढचे भाग, खिसे, कॉलर काही कापायची वेळ आली नाही, आणि त्रिकोणांच्या वेळी मला तीन शर्ट पुरणार नाहीत म्हणून झोप नव्हती. पट्ट्या उभ्या धाग्यावरच कापल्या त्यामुळं ताणल्या नाहीत, रेघा पण फेऱ्याच्या बरोबरीनं पळतात, चांदणीत ज्या भांडत होत्या त्याच इथं शहाण्यासारख्या वागायला लागल्या. खणाला मार्जिन अर्धा इंच ठेवलं, चार इंचाची पट्टी कापली. खरं तर दोनच खणांत दोन्ही फेरे झाले असते, पण सगळं आलं पाहिजे ही तिची अट, म्हणून चार खणांच्या दोन दोन पट्ट्या आणि तिघांची एक एक, अशा अकरा.

सगळं सरळ झालं असं नाही. पाचव्या फेऱ्याला कडेला झालर आली, वाकळ फरशीवर सपाट बसेना, मध्ये खोल आणि कडेला लाटा. आळस केला होता. पट्टी लावताना आधी आतल्या भागाचं माप घ्यायचं, ते पण कडेला नाही, मधोमध, कारण कड हाताळून ताणलेली असते. त्या मापाची पट्टी कापायची, दोन टोकं आणि मध्य टाचणीनं बसवायचा आणि मग शिवायचं. मी नुसतीच लांब पट्टी धरून मशीनवर सोडत गेले आणि टोकाला जास्तीची कापली, दर बाजूला अर्धा पाऊण इंच जास्त जात राहिली. अख्खा फेरा उसवला. उसवताना एका शर्टाची पट्टी फाटली, ती बदलायला पट्ट्या शिल्लक होत्या म्हणून निभावलं.

पाठीला निळीचं उरलेलं अंग जोडून घेतलं, आत दोन्ही धोतरं आणि हिरवीचा विरलेला भाग. धावदोरा मी आणि शेजारच्या मावशी, दुपारी जेवणं झाल्यावर दोघी दोन बाजूंनी. इंचाइंचावर फेरे घातले तर ६० बाय ९० ला दीडशे वार धावदोरा होतो, हे मी नंतर मोजलं, आधी मोजलं असतं तर सुरूच केलं नसतं. बावीस दुपारी लागल्या. मध्याला शेवटचा टाका घालायच्या आधी मावशींनी चपातीचा एवढासा तुकडा आत सारला, वाकळ उपाशी ठेवायची नाही म्हणून, आमच्या सासूबाई पण तेच करायच्या. मी मुंग्या होतील म्हणलं, त्यांनी ऐकलं नाही, तुकडा अगदी वाळका होता म्हणून मी पण पुढं बोलले नाही.

ती न्यायला आली तेव्हा आधी पाठ बघितली, मग कड चाचपली आणि काठावरून बोट फिरवत चारी बाजू फिरून आली. चांदणीचं नाव काढलं नाही.

पुढचं पण सांगायला पाहिजे, कारण ती माझी चूक आहे. संक्रांतीच्या सुमाराला तिचा फोन आला, वाकळ पहिल्यांदा धुतली आणि पदरातलं पांढरं गुलाबी झालंय. खण. शर्ट, साड्या, धोतरं हे सगळं आयुष्यभर धुतलेलं, जो काय रंग जायचा तो गेलेला, जे बसायचं ते बसलेलं. खण मात्र कोरे होते. मी ते भिजवून बघितले होते, पण सातातले पाचच, दोन घडीत खाली राहिले आणि त्यातलाच एक राणी रंगाचा पहिल्या फेऱ्यात, पांढऱ्या तेनीला अगदी खेटून. तिला म्हणलं वाळू देऊ नकोस, वाळला की रंग पक्का धरतो, आहे तशी ओलीच परत गार पाण्यात पावडर टाकून धू, पाणी बदलत राहा. चार पाण्यांत बराच गेला, थोडा राहिला. पैसे परत देते म्हणलं तर नको म्हणाली. आता कोरं कापड आलं की एक कोपरा ओला करून पांढऱ्या धोतराच्या चिंधीवर दाबते आणि वर इस्त्री फिरवते, रंग जाणारा असेल तर चिंधीवर लगेच उमटतो, दोन मिनिटांचं काम आहे.

शर्टांचे पुढचे भाग, बरेच खण आणि हिरवीचा तो एक वार काठ अजून माझ्याकडेच आहे. तिच्या लेकीला उन्हाळ्यात बाळ व्हायचंय, त्यासाठी दुपटं पाहिजे म्हणते. दुपट्याला शर्टाचे मोठे चौकोन ठीक आहेत, मऊ आहेत, फिकट आहेत, एक खिसा तसाच ठेवता येईल. खण मात्र नको असं सांगितलंय मी, बाळाच्या अंगाला टोचेल आणि दुपटं रोज धुवावं लागतं. ती हो म्हणाली, पण काल परत मोबाइलवर फोटो पाठवलाय, मध्ये एक छोटी चांदणी.